सवलतीचं विंडोज आणि एका लॅपटॉपवर तीन बिऱ्हाडं

चवथीच्या तिसऱ्या दिवशी भाची डिचोलीला आमच्याकडे आली ती लॅपटॉपची बॅग खांद्याला लावूनच. अर्धी नेवरी हातात, अर्धी तोंडात आणि प्रश्न तयार. “मामा, कॉलेजातून विंडोजची एज्युकेशन की मिळालीय. ती टाकली की आत्ताचं होम जातं का? मला दोन्ही हवीत. आणि बाजूला उबुंटू पण पाहिजे.”

“एका खोलीत तीन बिऱ्हाडं कशाला गो बाय?”

होम आणि एज्युकेशन या विंडोजच्याच दोन आवृत्त्या, की म्हणजे ती चालू करायचा परवान्याचा क्रमांक, आणि उबुंटू ही लिनक्सच्या घरातली वेगळी प्रणाली. कारणं तिच्याकडे होती. होममध्ये फोटो, खेळ, सगळा संसार. एज्युकेशन हवं ते हायपर-व्हीसाठी. संगणकाच्या पोटात दुसरा आभासी संगणक चालवायची ही सोय होममध्ये मिळत नाही. आणि उबुंटू लॅबमध्ये आहे म्हणून घरीही. मी लॅपटॉप उघडला, ५१२ जीबीच्या एसएसडीत, म्हणजे आतल्या डिस्कमध्ये, किती जागा रिकामी आहे ते पाहिलं आणि म्हणालो, “बसतील की आरामात.”

इथेच माझं चुकलं. तिने विचारलं होतं तिघांना राहू देतात का, आणि मी खोली मोजून उत्तर दिलं. ड्युअल बूटची, म्हणजे एका संगणकावर दोन प्रणाली ठेवून सुरू करताना एक निवडायची, माहिती शोधायला गेलं की बहुतेक जण हीच खोली मोजत बसलेले असतात. पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा पाडलेला भाग, किती जीबीचं, आधी कोण टाकायचं, मेनू कसा आणायचा. परवान्याची गोष्ट कोणी काढत नाही, आणि सवलतीच्या विद्यार्थी आवृत्तीत खरी मेख तिथेच असते.

आपण म्हणतो ‘विंडोज विकत घेतलं’. प्रत्यक्षात आपण वापरायची परवानगी घेतो. गोव्यातल्या कदंब बसचा विद्यार्थी पास काढलेल्या कुणालाही हे वेगळं समजवायला नको. पास काढला म्हणून बस आपली होत नाही. पासावर नाव असतं, कुठून कुठपर्यंत ते असतं, कधीपर्यंत ते असतं. तो भावाच्या खिशात घालता येत नाही, आणि पास एक असताना शेजारच्या सीटवर दप्तर ठेवून दोन जागा अडवता येत नाहीत. गर्दीत कंडक्टरच्या लक्षात आलं नाही, ही गोष्ट वेगळी. संगणकात हा कंडक्टर म्हणजे ॲक्टिव्हेशन, कीची होणारी तपासणी. ‘विंडोज ॲक्टिव्हेट झालं’ याचा अर्थ कंडक्टरने हटकलं नाही, एवढाच. पास बरोबर आहे की नाही, ते पासावरच वाचावं लागतं.

हे पास मुख्यतः तीन प्रकारचे. लॅपटॉपसोबत आधीच घालून येतं ते ओईएम. हा परवाना त्या मशीनचा, मदरबोर्डला म्हणजे आतल्या मुख्य पाटीला बांधलेला. मशीन विकलं की तो मशीनबरोबर जातो, माडांचं भाट विकताना त्यातले माड काही वेगळे काढून नेता येत नाहीत तसं. दुसरं रिटेल, दुकानातून किंवा ऑनलाइन सुटं घेतलेलं. ते जुन्या मशीनवरून काढून नव्यावर नेता येतं, पण एका वेळी एकाच मशीनवर. तिसरं व्हॉल्यूम, म्हणजे संस्थेने घाऊक घेतलेलं. कॉलेजातून मिळणारी एज्युकेशन आवृत्ती बहुतेक वेळा या घाऊक खात्यातली असते, आणि तिचे नियम विद्यार्थ्याने नाही, संस्थेने सही करून मान्य केलेले असतात.

आपल्याकडे कुठला पास आहे ते पाहायला दोन मिनिटं लागतात. विंडोजची खूण आणि आर ही बटणं एकत्र दाबून जी खिडकी येते तिच्यात इंग्रजीत सलग ‘एसएलएमजीआर’, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘डीएलआय’ असं टाइप करायचं. थोडा वेळ काहीच होत नाही, मग एक चौकोन उघडतो. भाचीच्या लॅपटॉपवर पहिल्या ओळीत ‘कोअर एडिशन’ असं आलं आणि ती दचकली, “हे कुठलं?” काही नाही, होमचं घरातलं नाव कोअर. खालच्या ओळीत ‘ओईएम_डीएम चॅनल’, म्हणजे लॅपटॉपसोबत आलेलं. रिटेल असेल तर तिथे रिटेल दिसतं आणि घाऊक असेल तर व्हॉल्यूम. ‘डीएलआय’च्या जागी ‘एक्सपीआर’ टाकलं तर हा पास कायमचा आहे की कुठल्या तारखेला संपतो, तेही कळतं. कुणी ‘ओरिजिनल आहे हो’ म्हणून विंडोज टाकून दिलं असेल, तर पैसे देण्याआधी त्याच्यासमोरच ही खिडकी उघडावी. माणूस बोलतो एक आणि चौकोन दाखवतो दुसरंच, असं मी पाहिलेलं आहे.

विंडोज ८ च्या काळापासून, म्हणजे २०१२ पासून, ओईएमची की लॅपटॉपच्या मदरबोर्डवरच, फर्मवेअरमध्ये लिहिलेली असते. म्हणून पूर्वीसारखं लॅपटॉपच्या पोटावर कीचं स्टिकर नसतं. डिस्क कोरी करून पुन्हा विंडोज टाकायला घेतलं की इन्स्टॉलर ती की आपणच वाचतो आणि न विचारता होम टाकायला लागतो. एज्युकेशन टाकायला बसलेल्या अनेकांना शेवटी होम मिळतं आणि वाटतं पेनड्राइव्ह बिघडला. पेनड्राइव्ह ठीक असतो, मदरबोर्ड आपलं नाव सांगत असतो.

आता सवलतीकडे. ‘स्टुडंट एडिशन’ या एकाच नावाखाली दोन निराळ्या गोष्टी विकल्या किंवा वाटल्या जातात. एक, वस्तू तीच पण विद्यार्थ्याला कमी दराने. दोन, वस्तूच वेगळी. विंडोज १० आणि ११ ची एज्युकेशन ही दुसऱ्या जातीतली, कंपन्यांसाठीच्या एंटरप्राइझ आवृत्तीवर बेतलेली, त्यामुळे होमपेक्षा तिच्यात सोयी जास्त. पहिल्या जातीचं गाजलेलं उदाहरण विंडोज ७ चं. २२ ऑक्टोबर २००९ ला ते बाजारात आलं, आणि अमेरिकेत कॉलेजचा ईमेल असलेल्या विद्यार्थ्यांना ते २९.९९ डॉलरला मिळत होतं. नेहमीच्या दरापुढे हे पाणीच. मात्र आत लिहिलेलं होतं की हा परवाना ‘अपग्रेड’ आहे.

या शब्दाने तेव्हा जितका घोळ घातला तितका व्हायरसनेही घातला नसेल. अपग्रेडचे दोन अर्थ आहेत आणि दोघांचा एकमेकांशी संबंध असायलाच हवा असं नाही. एक अर्थ कृतीचा: चालू असलेल्या विंडोजवरच नवीन चढवायचं, फाइली-प्रोग्राम जागच्या जागी. दुसरा हक्काचा: तुमच्याकडे आधीचा वैध परवाना आहे म्हणून नवीन स्वस्तात. आधीचं, जुनं विंडोज एक्सपी वापरणाऱ्यांच्या बाबतीत हे दोन अर्थ उघड उघड फुटले. एक्सपीवरून विंडोज ७ वर थेट चढता येत नसे, नवीन इन्स्टॉल करावं लागे. म्हणजे कृती कोऱ्या पाटीची आणि हक्क अपग्रेडचा. मग साहजिकच पोरांच्या डोक्यात आलं की नवीनच टाकायचंय तर दुसऱ्या पार्टिशनवर टाकू, जुनं एक्सपी राहील तसंच. आणि ते खरंच राहत असे. संगणक सुरू केला की मेनूत दोन्ही नावं, दोन्ही चालतात, कंडक्टर गप्प.

परवाना मात्र गप्प नव्हता. अपग्रेड परवान्याचं म्हणणं साधं असतं: जुना करार संपला, हा त्याच्या जागी आला, आता जुनं वापरायचं नाही. जुना पास खिडकीवर जमा केला म्हणून नवीन स्वस्तात मिळाला. जमा केलेल्या पासावर त्याच दिवशी परतीचा प्रवास करता येत नाही. तेव्हा अपग्रेडने घेतलेलं ७ आणि ज्याच्या जोरावर ते घेतलं तेच एक्सपी, ही जोडी एका मशीनवर ड्युअल बूट करणं परवान्यात बसत नव्हतं. मात्र एक्सपीचा आणखी एक वेगळा, सुटा घेतलेला परवाना घरात असेल, जो कशासाठीही जमा केलेला नाही, तर खुशाल दोन्ही ठेवा. दोन सीट, दोन पास.

त्याच करारातलं एक वाक्य लोक आपल्या बाजूने वाकवत. एक प्रत एका संगणकावर, आणि ‘हार्डवेअर पार्टिशन’ हा वेगळा संगणक मानला जाईल, असं त्यात होतं. झालं! डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग केले, म्हणजे दोन संगणक झाले, असा अर्थ काढून मंडळी मोकळी. हार्डवेअर पार्टिशन ही मोठ्या सर्व्हरमधली गोष्ट आहे, तिथे यंत्राचेच प्रोसेसर आणि मेमरीसकट तुकडे पाडता येतात. आपल्या डिस्कच्या पार्टिशनचा तिच्याशी नावापुरता संबंध. आणि खरं तर ते वाक्य उलट आपल्याच विरुद्ध जातं: वेगळा संगणक, तर वेगळा परवाना लागणार.

भारतात सवलतीची मोठी लाट आली ती विंडोज ८ च्या वेळी. २०१२ च्या ऑक्टोबरात ८ प्रोचं अपग्रेड १,९९९ रुपयांत डाउनलोड करता येत होतं, आणि त्या काळात विंडोज ७ चा नवा संगणक घेतलेल्यांना ६९९ रुपयांत. तेही अपग्रेडच. मग २९ जुलै २०१५ ला विंडोज १० आलं आणि वर्षभर ७ आणि ८.१ वाल्यांना फुकट. किंमत शून्यावर आली तरी तत्त्व बदललं नाही. ज्या ७ च्या जोरावर १० मिळालं, ते ७ त्या १० मध्ये विरघळलं. दोन्हीला वेगवेगळं नांदवायचं तर दुसरा परवाना हवा.

आणि आजची एज्युकेशन? संस्थेच्या घाऊक कराराने मिळणारं विंडोज हे मुळात अपग्रेडच असतं, कोऱ्या मशीनसाठीचा पहिला परवाना नसतं. खाली पाया हवा. शैक्षणिक करारांत लॅपटॉपसोबत आलेलं होमसुद्धा पाया म्हणून चालतं, ही त्यातली उदार बाजू. बिन-विंडोजचा, स्वस्त पडतो म्हणून डॉस किंवा लिनक्स घातलेला लॅपटॉप घेतला आणि त्यावर कॉलेजची एज्युकेशन टाकली, तर वर मजला आहे आणि खाली घरच नाही, अशी गत. गोव्यात बरीच मुलं असे लॅपटॉप घेतात, पाच-सात हजार वाचतात म्हणून. वाचवावेत, पण मग कशावर काय उभं आहे ते लक्षात ठेवावं.

भाचीच्या प्रश्नाचं उत्तर इथे येतं. होम आणि एज्युकेशन दोन पार्टिशनवर टाकली तर दोन्ही ॲक्टिव्हेट होतील यात मला शंका नाही. एकाची की मदरबोर्डवर, दुसरीची कॉलेजने दिलेली. पण विंडोजच्या दोन प्रती म्हणजे दोन परवाने, आणि तिच्या एज्युकेशनचा पाया तिचं तेच होम. पाया एकीकडे आणि वरचा मजला शेजारच्या प्लॉटवर, असं घर कोणी बांधत नाही. तिने एकच ठेवावं, हे माझं मत. होमवरच एज्युकेशनची की टाकली तर सेटिंग्जमधून दहा मिनिटांत आवृत्ती बदलते, फोटो-खेळ जागचे हलत नाहीत. परत यायचं मात्र सोपं नाही. एज्युकेशनवरून होमवर उतरायला कोऱ्यापासून इन्स्टॉल करावं लागतं.

तिला मी आणखी एक विचारलं: ही की कुठल्या पद्धतीची? कॉलेजांत ॲक्टिव्हेशनची एक पद्धत असते, केएमएस नावाची. तिच्यात प्रत्येक मशीन कॉलेजच्या आतल्या सर्व्हरकडे हजेरी लावतं आणि त्याला १८० दिवसांची मुदत मिळते. कॉलेजच्या नेटवर्कवर असताना ती आपोआप पुढे सरकत राहते, कुणाला पत्ताही लागत नाही. सुट्टीत घरी आलात, पुढे कॉलेज सुटलं, की सहा महिन्यांनी स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ची फिकट अक्षरं उगवतात. पास संपला. काही योजनांत विद्यार्थ्याच्या नावाने स्वतंत्र की मिळते, ती अशी संपत नाही. म्हणून ‘एक्सपीआर’ची ती खिडकी. तारीख दिसली तर समजायचं की हे कॉलेजच्या दावणीला बांधलेलं आहे, आणि लास्ट इयरचं प्रोजेक्ट त्याच्या भरवशावर ठेवायचं नाही.

तीन-चारशे रुपयांत ‘लाइफटाइम’ म्हणून ऑनलाइन विकल्या जातात त्या कीही पुष्कळदा अशाच कुठल्या तरी संस्थेच्या घाऊक खात्यातून गळालेल्या असतात. चालतात. मग एके दिवशी बंद होतात. याबद्दल एवढंच पुरे.

उबुंटूचं बोलायचं तर परवान्याच्या बाजूने तिथे विषयच नाही. लिनक्सचा गाभा १९९२ पासून जीपीएल या परवान्याखाली आहे, आणि जीपीएल वापरणाऱ्याकडून काहीच मागत नाही. अटी लागतात त्या वाटताना. दहा मशीनवर टाका, शेजाऱ्याला पेनड्राइव्ह द्या. विंडोजच्या परवान्यालाही शेजारी लिनक्स असण्याशी देणंघेणं नाही. म्हणजे सवलतीचं विंडोज आणि लिनक्स ही जोडी कागदावर स्वच्छ. अडचणी येतात त्या यंत्राच्या, आणि त्यातली एक मी स्वतःच्या हाताने ओढवून घेतली.

रात्री जेवणं झाली, बाहेर पाऊस. मी उबुंटू २४.०४ चा पेनड्राइव्ह तयार केला. डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह आखडून ८० जीबी मोकळे केले (उबुंटूला २५ पुरतात म्हणतात, पण वर्षभरात रडायची वेळ येते). मग जुन्या सवयीने बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उठणाऱ्या सेटिंग्जमध्ये गेलो आणि सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारा पहारा, बंद केलं. आमच्या वेळी लिनक्स टाकायचं म्हणजे हे करावंच लागे. आता लागत नाही. उबुंटूच्या बूटच्या पहिल्या तुकड्यावर मायक्रोसॉफ्टचीच सही असते, सिक्युअर बूट चालू ठेवून तो मुकाट्याने चालतो. पण हाताला वळण. सेव्ह केलं, आणि उबुंटू टाकण्याआधी विंडोज नीट उठतंय ना पाहावं म्हणून पेनड्राइव्ह काढून लॅपटॉप सुरू केला.

निळा पडदा. बिटलॉकर, विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप. ४८ आकडी रिकव्हरी की द्या.

भाची माझ्याकडे बघते, मी पडद्याकडे. “मामा, माझे फोटो?” झालं होतं ते असं: हल्लीच्या लॅपटॉपमध्ये होम असलं तरी मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. किल्ली टीपीएम नावाच्या चिपमध्ये असते आणि चिप दर वेळी पाहते की संगणक नेहमीसारखाच सुरू झालाय ना. सिक्युअर बूट बंद दिसलं, चिपला वाटलं कुणी तरी परका दाराशी आलाय, आणि तिने किल्ली मुठीत धरली. चिपचं काही चुकलं नव्हतं.

सुटकेची किल्ली त्या खात्यात साठवलेली असते ज्या खात्याने लॉगिन केलेलं असतं. भाचीने लॅपटॉप पहिल्यांदा उघडला तेव्हा ईमेल मागितला म्हणून कॉलेजचा ईमेल देऊन टाकला होता. त्यामुळे किल्ली तिच्या नेहमीच्या ईमेलच्या खात्यात नव्हती, कॉलेजच्या ईमेलवर काढलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात होती. तिने फोनवर ते खातं उघडलं, पडद्यावरच्या ओळखक्रमांकाशी ताडून पाहिलं आणि आकडे वाचायला लागली. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. मी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या समासात लिहीत गेलो. पाचव्या गटापाशी वीज गेली, लॅपटॉप बॅटरीवर, बाकी मेणबत्ती. सातव्या गटात एक आकडा चुकला तो पडद्यानेच सांगितला. अकरा वाजून गेले तेव्हा विंडोज उघडलं. नंतर सिक्युअर बूट पुन्हा चालू केलं.

खरं तर ते आधीच परत चालू केलं असतं तरी चिप ओळखली असती आणि दार उघडलं असतं. घाबरल्यावर सुचत नाही. पण त्या निमित्ताने किल्ली कागदावर आली हे बरंच झालं. चार वर्षांनी ती पास होऊन बाहेर पडेल, कॉलेज तो ईमेल बंद करेल, आणि त्यानंतर कधी तरी बायोसच्या अपडेटने हाच निळा पडदा आला तर फोनवर ते खातं उघडेलच असं नाही. म्हणून ज्यांच्याकडे लॅपटॉप कॉलेजच्या ईमेलने उघडलेला आहे त्यांनी रिकव्हरी की आजच वहीत उतरवावी. तिचा फोटो त्याच लॅपटॉपमध्ये ठेवू नये, हेही सांगावं लागतं. आणि बायोसला किंवा पार्टिशनला हात लावण्याआधी सेटिंग्जमध्ये जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कचं हेच कुलूप, बंद करावं, काम झालं की पुन्हा चालू.

बाकीच्या गोष्टी मानाने किरकोळ. विंडोज आधी, लिनक्स नंतर, हा क्रम पाळावा. उबुंटूचा ग्रब नावाचा मेनू विंडोजला सामावून घेतो, विंडोज तेवढं शेजारधर्म पाळणारं नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ कंट्रोल पॅनेलमधून बंद करावं. ते चालू असताना शटडाउन म्हणजे खरं झोपणं नसतं, डुलकी असते, आणि विंडोज डुलकीत असताना उबुंटू त्याच्या पार्टिशनवर काही लिहायला तयार होत नाही. वाचू देतं, लिहू देत नाही. बरोबरच आहे, झोपलेल्या माणसाच्या उशाखाली हात घालू नये.

विंडोजच्या अपडेटनेही कधी कधी शेजाऱ्याचा दरवाजा अडतो. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा अपडेटने जुने, धोक्याचे बूट-तुकडे बाद करायला घेतले, आणि त्यात कित्येक ड्युअल बूट मशीनवरचं लिनक्स उठेना. ‘काही तरी फारच बिघडलं आहे’ अशा अर्थाची एक ओळ दाखवून संगणक बंद पडे. त्या दिवसांत मला तीन फोन आले आणि तिघांनीही सुरुवात ‘मी काहीच केलं नाही’ अशीच केली. तिघांनीही खरंच काही केलेलं नव्हतं. अशा वेळी लिनक्सचा ताजा पेनड्राइव्ह घरात असलेला बरा.

आणि घड्याळ. उबुंटू टाकून झाल्यावर दुसऱ्या रात्री भाचीचा फोन, ती तोवर फोंड्याला परत गेलेली. “मामा, विंडोजमध्ये वेळ चुकलीय.” माझ्या भिंतीवर पावणेअकरा, तिच्या लॅपटॉपवर संध्याकाळचे सव्वापाच. फरक नेमका साडेपाच तासांचा. हा फरक ऐकला की निदान झालंच समजा. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स जागतिक प्रमाणवेळ. भारत तिच्या साडेपाच तास पुढे. उबुंटूने घड्याळ आपल्या पद्धतीने लावलं, विंडोजने ते आपल्या पद्धतीने वाचलं. दोघांनाही वाटतंय मी बरोबर. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल’ ही आज्ञा ‘सेट-लोकल-आरटीसी १’ असं जोडून दिली की तोही स्थानिक वेळ धरतो. फोनवर एकेक अक्षर सांगून ते केलं.

“आणि हायपर-व्ही?” मी विचारलं. म्हणजे एज्युकेशन टाकलं का?

“नाही. उबुंटूतच व्हर्च्युअल मशीन चालतं म्हणाले लॅबचे सर. पण मामा, त्या मशीनमध्ये विंडोज टाकलं तर त्यालाही वेगळा पास लागणार ना?”

“लागणार.”

“मग त्यातही उबुंटूच टाकते,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. कॉलेजची की तिच्या वहीत आहे, त्या ४८ आकड्यांच्या खालच्या ओळीवर.